पाठ माजावर कधी येते? वय विचारू नका, वजन सांगा



शेळीपालनावर व्हिडिओ टाकला की एक प्रश्न हमखास येतो. दुकानात काउंटरवरही तोच येतो. "पाठ आठ महिन्यांची झाली, अजून माजावर आली नाही, काहीतरी टॉनिक द्या." माझं पशुखाद्याचं दुकान आहे, बाटल्या मागच्या फळीवरच असतात. एक काढून दिली की गिऱ्हाईक खूश आणि माझा गल्लाही खूश. पण मी आधी उलटा प्रश्न विचारतो, "वजन किती आहे?" दहातले आठ जण गप्प होतात. वय पाठ असतं, वजन कधी केलेलंच नसतं.

आता तुम्ही म्हणाल, हा बीबीए झालेला माणूस हार्मोन्सवर कशाला बोलतोय? सांगतो. शेळीपालनाचे जेवढे प्रोजेक्ट रिपोर्ट माझ्यासमोर येतात, त्यातल्या बहुतेकांत एक ओळ असते : चार महिन्यांच्या पाठी घेतल्या, आठव्या महिन्यात गाभण, तेराव्या महिन्यात करडं. एक्सेलमध्ये तारीख टाकायला काही लागत नाही. पण तुमच्या धंद्याचं पहिलं उत्पन्न, पर्यायाने बँकेचा पहिला हप्ता फेडायची ताकद, त्या एका तारखेवर उभी असते. ती तारीख तुम्ही ठरवत नाही, बँक ठरवत नाही. ती पाठीचा मेंदू ठरवतो. म्हणून तो मेंदू काय बघून ठरवतो, हे समजून घेणं हा धंद्याचाच भाग आहे. मला हे सगळं पशुवैद्यकांच्या मागे लागून, विचारून विचारून कळलं. तेच सोप्या भाषेत मांडतो.

हुकूम वरून येतो

बऱ्याच जणांना वाटतं, माज म्हणजे गर्भाशयाचं काम. गर्भाशय आणि अंडाशय हे कामगार आहेत. मालक बसलाय मेंदूत. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग असतो. तिथून जीएनआरएच नावाचं हार्मोन थेंबाथेंबाने, ठोके पडावेत तसं सुटतं. ते खालच्या पियुषिका ग्रंथीला पोचतं. ही ग्रंथी मग एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन्स रक्तात सोडते. ती अंडाशयापर्यंत जातात, तिथे बीजाच्या पिशव्या वाढतात, त्यातून इस्ट्रोजेन तयार होतं आणि इस्ट्रोजेन पुरेसं वाढलं की शेळी शेपटी हलवते, ओरडते, चारा टाकते, दुसरीच्या अंगावर उडते. यालाच आपण माज म्हणतो.

हे जीएनआरएच नेमकं कसं बनलेलं आहे हे शोधायला दोन शास्त्रज्ञांनी, शॅली आणि गिमॅं यांनी, कत्तलखान्यातून डुकरांचे आणि मेंढ्यांचे मेंदू अक्षरशः ढिगाने गोळा केले होते. १९७१ मध्ये उत्तर सापडलं, १९७७ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आज दवाखान्यात मिळणारी जीएनआरएचची इंजेक्शनं ही त्याच कामाची देणगी.

आता गंमत बघा. ही सगळी साखळी करडाच्या अंगात लवकरच तयार असते. पियुषिका तयार, अंडाशय तयार. मग माज का येत नाही? कारण लहान वयात मेंदू इस्ट्रोजेनच्या बाबतीत फार हळवा असतो. अंडाशयातून थोडंसं इस्ट्रोजेन आलं तरी मेंदू म्हणतो "बास, पुरे" आणि वरचे ठोके मंदावतात. वाढ झाली की हा हळवेपणा कमी होतो, ठोके जवळजवळ पडायला लागतात. मेंढीच्या कोकरांवर अभ्यास झाला, त्यात वयात येण्याच्या सुमारास हे ठोके साधारण तासाला एक इथपर्यंत वाढलेले दिसले. तेवढा वेग आला की अंडाशय जागं होतं.

म्हणजे माल तयार आहे, गाडी तयार आहे, ड्रायव्हर बसलाय. फक्त ऑर्डर निघालेली नाही.

मॅनेजरचं नाव चॉकलेटवरून पडलंय

ऑर्डर काढणाराचा शोध फार उशिरा लागला. १९९६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात कर्करोगावर काम करणाऱ्यांना एक जीन सापडला. त्या गावाचं नाव ज्या चॉकलेटमुळे गाजलं ते म्हणजे हर्शीज किसेस. म्हणून जीनचं नाव ठेवलं किस-वन. त्यातून तयार होणारं प्रथिन म्हणजे किसपेप्टिन. तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं की याचा वयात येण्याशी काही संबंध असेल. २००३ मध्ये फ्रान्समध्ये आणि अमेरिकेत, दोन वेगळ्या गटांना एकाच वर्षी एकच गोष्ट दिसली : ज्या माणसांमध्ये किसपेप्टिन ओळखणारं कुलूप बिघडलेलं असतं, ती माणसं वयातच येत नाहीत. तिथून सगळं चित्र फिरलं.

आणि यातलं मोठं काम शेळीवर झालंय, हे मला फार आवडतं. जपानमध्ये शिबा नावाची छोटी शेळी आहे. तिच्या मेंदूत, किसपेप्टिन तयार करणाऱ्या पेशींच्या शेजारी बारीक तारा बसवून शास्त्रज्ञांनी विजेचे झटके मोजले. ठरावीक वेळाने पेशींचा एक लोंढा पेटायचा आणि प्रत्येक वेळी पाठोपाठ रक्तात एलएचची लाट यायची. घड्याळ सापडलं! २०१० मध्ये त्यांनी हेही दाखवलं की त्याच पेशींत एक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही असतात. न्यूरोकायनिन बी हा एक्सिलरेटर, डायनॉर्फिन हा ब्रेक. किसपेप्टिन म्हणजे पुढे निघालेला हुकूम.

अजून वयात न आलेल्या मेंढीच्या कोकरांना बाहेरून किसपेप्टिन दिलं तर त्यांचं एलएच वाढतं, असंही प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे वर म्हटलं तसंच. खालचे सगळे तयार होते, फक्त मॅनेजरच्या सहीची वाट बघत होते.

मग मॅनेजर सही कधी करतो?

गल्ला बघून

इथे तुमचा आणि शेळीचा मेंदू सारखाच चालतो. नवीन माणूस कामावर ठेवायचा असेल तर तुम्ही आधी गल्ला बघता. महिन्याचा पगार निघेल का, दोन महिने धंदा बसला तर तग धरेल का. गाभण राहणं म्हणजे शेळीसाठी पाच महिने एक-दोन माणसं फुकट पोसणं आणि नंतर तीन महिने दूध पाजणं. गल्ला रिकामा असताना मेंदू ही ऑर्डर काढत नाही.

गल्ल्यातली शिल्लक सांगणारा निरोप्या म्हणजे लेप्टिन. १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत हे हार्मोन सापडलं. ते चरबीच्या पेशींतून निघतं. अंगावर जितका साठा, तितकं लेप्टिन. पण जीएनआरएच सोडणाऱ्या पेशींना लेप्टिन थेट वाचता येत नाही. तो निरोप आधी आजूबाजूच्या पेशींच्या जाळ्यात जातो आणि तिथून पुढे किसपेप्टिनपर्यंत. सोबत इन्शुलिन आणि वाढीशी जोडलेलं आयजीएफ-वन ही हार्मोन्सही हिशोबात येतात. सगळ्यांचा ताळेबंद जुळला की सही होते.

लेप्टिन म्हणजे परवानगी. हुकूम नव्हे. गल्ल्यात पैसे आहेत म्हणून कुणी उद्याच दुसरं दुकान काढत नाही, पण पैसे नसतील तर विषयच संपला. म्हणून तीन महिन्यांच्या पाठीला खुराक कोंबून कोंबून घातला तर ती चौथ्या महिन्यात माजावर येईल, असं काही होत नाही. उलट पाठ थुलथुलीत झाली तर पुढे गाभण राहायला त्रास देते.

याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा कोकरांवरच मिळालाय. काही कोकरांना मुद्दाम अर्धपोटी ठेवलं. वय वाढत गेलं, नेहमीची वयात यायची वेळ उलटून गेली, पण ती वयात आलीच नाहीत. मग पोटभर खायला घातलं आणि काही आठवड्यांतच एलएचचे ठोके वाढले. कॅलेंडरची पानं उलटून काही झालं नव्हतं. चाऱ्याने झालं.

आता काउंटरवरचा प्रश्न परत आठवा. आठ महिन्यांची पाठ माजावर आली नाही. तिचं वजन १४ किलो असेल तर ती आजारी नाही, हट्टी नाही, तिला टॉनिकही नको. तिचा मेंदू बरोबर हिशोब करतोय.

आपला हिशोब

उस्मानाबादी मोठी शेळी साधारण ३० ते ३५ किलोची असते. पशुवैद्यक सांगतात, मोठेपणीच्या वजनाच्या ६० ते ७० टक्के वजन झालं की पाठ भरवायला योग्य. म्हणजे आपल्यासाठी साधारण २२ किलो हा आकडा धरू.

समजा तीन महिन्यांची, दूध तुटलेली पाठ १० किलोची आहे. १२ किलो वाढवायचे आहेत. रोज ५७ ग्रॅम वाढली तर २१० दिवस लागतात, म्हणजे ती दहाव्या महिन्यात तयार. रोज ४० ग्रॅमच वाढली तर ३०० दिवस, म्हणजे तेरावा महिना. फरक किती? रोजचे १७ ग्रॅम. दोन खजूर उचलून बघा, तेवढंच वजन भरेल. आणि त्याची किंमत तीन महिने.

पैशात बघू. आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या गावचे भाव टाकून बदलून घ्या. चारा, मजुरी, औषध धरून एका पाठीचा रोजचा खर्च २० रुपये. जास्त वाढीसाठी रोज १०० ग्रॅम खुराक जादा, ३० रुपये किलोने ३ रुपये. पहिली पाठ २१० दिवस गुणिले २३, म्हणजे ४,८३० रुपये खाते. दुसरी ३०० दिवस गुणिले २०, म्हणजे ६,००० रुपये. जिला "कशाला खुराक, चरून येते की" म्हणून वाचवलं, तिनेच १,१७० रुपये जास्त खाल्ले! दहा पाठी असतील तर ११,७००. आणि करडं तीन महिने उशिरा आली ते वेगळंच.

प्रशिक्षणात हे गणित फळ्यावर मांडलं की शेवटच्या बाकावरून कुणीतरी म्हणतंच, "सर, तुमचं पशुखाद्याचं दुकान आहे म्हणून सांगताय." म्हणू द्या. खुराक माझ्याकडूनच घ्या असं मी म्हणत नाही. मका भरडा, शेंगदाणा किंवा सरकी पेंड, तुरीची चुणी आणि क्षारमिश्रण घरी कालवलं तरी चालतं. बांधावर शेवरी, सुबाभूळ, हादगा लावला, दशरथ घास केला तर प्रथिनांचा बराच भार तिथेच हलका होतो. तुरीचं आणि हरभऱ्याचं भुसकट सुगीत भरून ठेवणारा माणूस उन्हाळ्यात हसत असतो. जंताचं औषध मात्र चुकवू नका. पोटात जंत असलेल्या पाठीला खुराक घालणं म्हणजे फाटक्या पोत्यात धान्य भरणं. लेंडी तपासून पशुवैद्यकांच्या सल्ल्याने औषध बदलत राहा, पीपीआर आणि आंत्रविषाराची लस वेळेवर द्या.

आणि वजनकाटा घ्या. टांगायचा स्प्रिंग काटा किंवा डिजिटल काटा, पोत्याची झोळी आणि एक वही. कानातल्या बिल्ल्याचा नंबर, तारीख, वजन. दर पंधरा दिवसांनी, सकाळी चारण्याआधी. धंद्यात जी गोष्ट मोजत नाही ती दिसत नाही, हे मी दुकानदारांना स्टॉकबद्दल सांगतो. शेळ्यांना तेच लागू आहे.

पहिला माज म्हणजे लग्नाचा मुहूर्त नव्हे

उस्मानाबादी पाठ चांगल्या खाण्यावर सात-आठ महिन्यांत, कधी त्याआधीही माज दाखवू शकते. १६-१७ किलोवर. मालक खूश होऊन लगेच बोकड दाखवतो. इथे खरा घोळ होतो.

मेंदूने ऑर्डर काढली म्हणून कारखाना पूर्ण क्षमतेने चालू झाला असं नसतं. पहिल्या एक-दोन वेळी बीज सुटतं पण बाहेर माजाचं लक्षणच दिसत नाही, ज्याला आपण मुका माज म्हणतो. कारण मेंदूला माजाची वागणूक दाखवण्यासाठी आधी थोडा काळ प्रोजेस्टेरॉनची सवय लागते. काही वेळा पहिलं चक्र अर्धवट राहतं, पाठ आठवड्याभरातच परत माजावर येते. नंतर ती २१ दिवसांच्या लयीत बसते. म्हणून पहिला माज वहीत लिहा आणि सोडून द्या. दुसरा, तिसरा येऊ द्या. २१ दिवसांनी पुढची तारीख कळतेच.

कमी वजनात गाभण राहिली तर काय होतं? पाठीची स्वतःची हाडं वाढत असतात आणि पोटात करडू वाढत असतं. दोघं एकाच ताटात जेवतात. कमरेचा सांगाडा अरुंद राहतो, व्यायला अडते, रात्री दोनला डॉक्टर शोधावा लागतो. करडू हलकं जन्मतं, दूध पुरत नाही, पहिल्या आठवड्यात मरतूक. आणि पाठ कायमची बुटकी राहते. दोन महिने वाचवायला जाऊन पुढच्या सगळ्या वेतांची कमाई कमी करून घेणं, याला मी धंदा म्हणत नाही.

माझ्याकडे शिकायला आलेल्या एका ताईंनी बारा पाठींपैकी आठ तयार वजनावर भरवल्या, चार मागे ठेवल्या. घरचे रोज बोलायचे, "चार शेळ्या फुकट खातायत." त्या म्हणाल्या, "खाऊ द्या, वाढतायत." मला हे वाक्य कुठल्याही मॅनेजमेंटच्या पुस्तकापेक्षा जास्त पटलं.

"सर, लवकर माजावर येणारी जात सांगा"

आता जीन्सकडे येऊ, कारण बाजारात सगळ्यात जास्त थापा इथेच मारल्या जातात.

जातीजातीत फरक आहे, हे खरं. बंगालची ब्लॅक बेंगॉल अंगाने लहान आणि लवकर वयात येणारी. जमुनापारी उंच, देखणी, पण उशिरा येणारी, पहिलं वेत बऱ्याचदा दीड-दोन वर्षांवर जातं. आपल्या महाराष्ट्राच्या नोंदणीकृत जाती चार : उस्मानाबादी, संगमनेरी, कोकण कन्याळ आणि बेरारी. आपल्या हवेत, आपल्या चाऱ्यावर त्या टिकतात. सुरुवातीला यातलीच, आपल्या भागातली घ्या, हे माझं स्पष्ट मत.

चीनमध्ये शास्त्रज्ञांनी लवकर वयात येणारी जिनिंग ग्रे ही शेळी आणि उशिरा येणाऱ्या काश्मिरी लोकरीच्या शेळ्या शेजारी ठेवून किस-वन, त्याचं कुलूप असलेला जीपीआर-५४, असे अनेक जीन्स तपासले. फरक सापडले. पण एक बटण दाबलं की पाठ लवकर वयात येते, असा एकच जीन हाती लागलेला नाही. वयात येणं हे अनेक जीन्सचं एकत्र काम आहे, प्रत्येकाचा वाटा थोडा थोडा, आणि वरून चारा, हवामान, आईचं दूध.

एकाच जीनचं बटण कसं असतं ते बघायचं असेल तर फलटणला बघा. निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गारोल मेंढीतला फेकबी नावाचा जीन आपल्या दख्खनी मेंढीत आणला. दख्खनी मेंढी सहसा एकच कोकरू देते. या जीनची एक प्रत आली तरी जुळ्यांचं प्रमाण वाढतं. त्यातून नारी सुवर्णा ही मेंढी तयार झाली. पण हा मेंढीतला जीन आहे आणि त्याचा संबंध किती बीजं सुटतात याच्याशी आहे. वयात कधी येणार याच्याशी नव्हे. तेव्हा कुणी "जेनेटिक लाइनची पाठ आहे, सहाव्या महिन्यात गॅरंटी" म्हणून दुप्पट पैसे मागितले, तर विचारा : हिच्या आईचं पहिलं वेत कितव्या महिन्यात झालं, नोंद दाखवा. नोंद असेल तर थोडे जास्त पैसे द्या, हरकत नाही. नसेल तर चहा पिऊन निघा.

एक जीन मात्र लक्षात ठेवाच. वजन २५ किलो, वय सव्वा वर्ष, अंगावर चकाकी, आणि तरी माज नाही. अशी पाठ बिनशिंगी असेल तर डॉक्टरांना दाखवा. सानेन, अल्पाईन अशा युरोपी दुधाळ जातींत शिंगं न येण्याचं कारण डीएनएतला साधारण ११.७ हजार अक्षरांचा एक तुकडा गळणं हे आहे. २००१ मध्ये फ्रान्समध्ये हे उलगडलं. आई आणि बाप दोघांकडून हा गळलेला तुकडा आला तर मादी करडू नीट मादी घडतच नाही. फॉक्सएलटू नावाचा अंडाशय घडवणारा जीन बंद राहतो. अशी पाठ कधीच माजावर येत नाही. उपाय नाही, टॉनिक नाही. पण टाळणं एकदम सोपं आहे : सानेनच्या संकरित शेळ्या असतील तर बोकड शिंगाचाच ठेवा. गावाकडची जुनी माणसं बिनशिंगी बोकड नको म्हणायची, ती काही अगदीच उगाच नव्हे.

हवामानाचंही सांगून टाकतो, कारण परदेशी व्हिडिओ बघून लोक गोंधळतात. युरोपात शेळ्या दिवस लहान व्हायला लागले की माजावर येतात. रात्र लांबली की मेलाटोनिन जास्त वेळ सुटतं आणि मेंदू त्यावरून ऋतू ओळखतो. आपल्याकडे पुण्याच्या अक्षांशावर सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान दिवसात जेमतेम सव्वादोन तासांचा फरक. आपल्या शेळ्या वर्षभर माजावर येऊ शकतात, पाऊस पडून हिरवा चारा आला की जास्त. इथे परत गल्लाच बोलतो.

फुकटातलं औषध : बोकडाचा वास

वजन भरलंय, पाठी तयार आहेत, पण कुणी आज, कुणी वीस दिवसांनी माजावर येतेय. त्यामुळे करडंही सुटी सुटी जन्मतात आणि एकगठ्ठा विक्री होत नाही. यावर साधा उपाय आहे. बोकड महिनाभर पाठींपासून दूर ठेवा. दिसू नये, वास येऊ नये इतका दूर, शेजाऱ्याच्या वस्तीवर ठेवला तरी चालेल. मग एकदम आणून सोडा. तयार पाठींपैकी बऱ्याच जणी पुढच्या आठ-दहा दिवसांत माजावर येतात.

हेही जपानमध्ये शिबा शेळीवर उलगडलं. शास्त्रज्ञांनी बोकडांच्या डोक्यावर खास टोप्या बसवल्या, केसांतून निघणारा वास गोळा केला आणि २०१४ मध्ये त्यातला एक पदार्थ वेगळा काढला, फोर-एथिलऑक्टॅनल. तो शेळीच्या मेंदूतल्या त्या किसपेप्टिनच्या घड्याळालाच वेग देतो. हवेत त्याचंच पुढे एक आम्ल होतं आणि आपल्याला जो बोकडाचा उग्र दर्प येतो, त्यात त्या आम्लाचा मोठा वाटा. ज्या वासाने पाहुणे नाक मुरडतात, तो तुमच्या धंद्याचा हार्मोन आहे. मात्र १४ किलोच्या पाठीसमोर बोकड नाचवून काही होत नाही. गल्ला आधी.

याच्या उलट बाजू सांभाळा. नर करडं मादीपेक्षा लवकर तयार होतात, चार-पाच महिन्यांत भरवू शकतात. तीन महिने झाले की नर वेगळे करा. नाहीतर एक दिवस बहिणी गाभण, आईही गाभण आणि तुमच्या वहीत नोंद शून्य.

राहिला प्रश्न स्पंज आणि इंजेक्शनचा. प्रोजेस्टेरॉनसारखं औषध असलेला स्पंज काही दिवस आत ठेवून काढतात, सोबत पीएमएसजीचं इंजेक्शन देतात आणि सगळ्या शेळ्या एकत्र माजावर आणतात. मोठ्या गोठ्यासाठी, वजन भरलेल्या जनावरांसाठी, पशुवैद्यकांच्या हातून हे चांगलं साधन आहे. पण कमी वजनाच्या पाठीला इंजेक्शन देऊन माज आणणं म्हणजे मॅनेजरची खोटी सही मारणं. ऑर्डर निघेल, बीजही सुटेल. कमरेची हाडं इंजेक्शनने रुंद होत नाहीत.

आता रिपोर्टमधली ती ओळ खोडा

आठव्या महिन्यात गाभण ही ओळ काढा आणि तिथे लिहा : २२ किलो वजनावर, अंदाजे दहावा महिना. पाच महिने गाभणकाळ, म्हणजे पंधराव्या महिन्यात करडं. चार महिन्यांच्या पाठी विकत घेतल्या असतील तर खरेदीपासून अकरा महिने घरात एक रुपया येणार नाही, लेंडीखताचे येतील तेवढेच. तेवढ्या महिन्यांचा चारा आणि घरखर्च बाजूला आहे का, हे आधी बघा. कर्ज घेत असाल तर हप्ता कधी सुरू होणार हे बँकेशी याच तारखांवर बोला, तेरा महिन्यांच्या गोष्टीवर नको. एवढं थांबणं परवडत नसेल तर थोड्या महाग पडल्या तरी निम्म्या गाभण किंवा एकदा व्यालेल्या शेळ्या घ्या, निम्म्या पाठी घ्या.

आणि ज्यांच्या डोळ्यांसमोर बकरी ईदचा बाजार आहे, त्यांनी अजून एक मोजणी करा. कुर्बानीचा बोकड किमान वर्षाचा लागतो. म्हणजे आज जन्मलेली पाठ दहाव्या महिन्यात भरवली, पंधराव्या महिन्यात व्याली आणि तिचा बोकड वर्षाचा झाला, तोवर सत्तावीस महिने झाले. सव्वादोन वर्षं. त्यात ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. तेव्हा कॅलेंडर घ्या, दोन वर्षांनंतरची ईद शोधा, तिथून उलटं सतरा महिने मोजा आणि त्या महिन्यावर गोल करा. त्या गोलाच्या दिवशी तुमच्या पाठी २२ किलोच्या असायला हव्यात, आणि त्यांचा खुराक त्याच्या सात महिने आधी सुरू झालेला हवा.